पाट बुजवा, फड बुजवू नका

१८८४ साली पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियांत्रिकीची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेला एक तरुण मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाला. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात त्याची नेमणूक खानदेशात, धुळ्याला झाली. साक्री तालुक्यातील दातर्ती या गावी पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळाचा सायफन घालून पाणी पैलतीरी न्यायचे, हे त्याच्याकडे आलेल्या पहिल्या महत्त्वाच्या कामांपैकी एक होते. पावसाळा, नदीचे पूर आणि साधनांची टंचाई या सर्वांशी झगडत त्याने ते पार पाडले. हा तरुण म्हणजे पुढे भारतरत्न झालेले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

आज या प्रसंगाचे स्मरण करण्याचे कारण वेगळे आहे. सिंचनाचे उघडे पाट आणि चाऱ्या बंद करून त्यांच्या जागी जमिनीखालून नळ घालण्याची मोठी मोहीम देशभर सुरू झाली आहे. केंद्रीय जल आयोगाने अशा नलिका-जाळ्यांच्या नियोजनाची मार्गदर्शक तत्त्वे २०१७ साली प्रसिद्ध केली. सरदार सरोवराच्या लाभक्षेत्रात गुजरातने उपचाऱ्यांऐवजी भूमिगत नळ घातले. मध्य प्रदेशात राजगड जिल्ह्यातील मोहनपुरा आणि कुंडालिया प्रकल्पांत दाबयुक्त नळांनी पाणी शेतापर्यंत पोहोचले. ९ एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने लाभक्षेत्र विकासाच्या आधुनिकीकरणाची योजना १,६०० कोटी रुपयांच्या आरंभीच्या तरतुदीसह संमत केली. त्या योजनेत एक हेक्टरपर्यंतच्या शेताच्या बांधापर्यंत बंद नळातून पाणी नेण्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रातही नव्या प्रकल्पांसाठी बंद नलिका वितरणाकडे वळण्याचे धोरण शासनाने स्वीकारले आहे.

या मोहिमेचे स्वागतच केले पाहिजे. परंतु स्वागताच्या तुताऱ्या वाजत असतानाच एक प्रश्न विचारणे हे आमचे कर्तव्य आहे. विश्वेश्वरय्यांच्या काळात पांझरेकाठी नळ आला तेव्हा पाण्याचे नियम ठरवणारा समाज जागा होता. आज नळ येतो आहे, पण तो समाज कोठे आहे?

फड म्हणजे काय?

पुण्या-मुंबईच्या वाचकांपैकी अनेकांनी 'फड' हा शब्द केवळ तमाशाच्या किंवा उसाच्या संदर्भात ऐकला असेल. पांझरा, मोसम, आरम या खानदेश-बागलाणातील नद्यांच्या काठी मात्र फड ही पाण्याची राज्यघटना होती. काही शतके जुनी आणि कोणत्याही सरकारने न लिहिलेली.

नदीवर दगड-चुन्याचा बंधारा. बंधाऱ्याच्या एका बाजूने निघणारा पाट. पाटाखाली भिजणारे क्षेत्र म्हणजे थळ. या थळाचे बहुधा चार भाग करीत आणि त्या प्रत्येक भागाला फड म्हणत. एका फडात एका हंगामात एकच पीक. यंदा या फडात ऊस, त्या फडात गहू, तिसऱ्यात हरभरा किंवा भुसार आणि चौथा विश्रांतीला. पुढच्या वर्षी पाळी बदलायची. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडीथोडी असे. त्यामुळे 'माझ्या शेतात ऊस, तुझ्या शेतात धूळ' हा प्रकार संभवतच नसे. ज्या वर्षी नदीला पाणी कमी, त्या वर्षी पंच बसून ठरवीत की एक फड कोरडा ठेवायचा. प्रत्येकाचा तुकडा त्या फडात असल्याने दुष्काळाचा तोटादेखील सर्वांत वाटला जाई.

पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. शेताचा मालक कितीही मोठा असो, त्याने स्वतः पाण्याला हात लावायचा नाही; पाटकरी पाळीप्रमाणे एकेक शेत भिजवीत पुढे जाणार. राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. या सर्वांचा मोबदला गावाने, जमिनीच्या प्रमाणात, बहुतांशी धान्यरूपाने द्यायचा. म्हणजे पाणी वाटणारा मनुष्य सरकारचा नोकर नसून समाजाचा सेवक होता. हंगामापूर्वी पाट साफ करायला घरटी माणूस आलाच पाहिजे. फावडे खांद्यावर टाकून गाव पाटावर उतरे. गाळ निघे, आणि त्याबरोबर मनांतला गाळही थोडाफार निघत असावा.

विश्वेश्वरय्यांनी आपल्या नोकरीच्या आरंभीच्या काळात याच प्रदेशात काम केले. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी 'ब्लॉक' पद्धत आणली. लाभक्षेत्राचे तुकडे पाडायचे, पाणी विभागून पिकांची पाळी ठरवायची आणि पाणी मोठ्या क्षेत्रावर पसरून देऊन जमीन खारवू द्यायची नाही, हे तिचे सूत्र. १९०१ च्या भारतीय सिंचन आयोगापुढे त्यांनी तिची मांडणी केली. फडाशी तिचे साम्य कोणाच्याही डोळ्यांत भरेल. ज्या काळात इंग्रज अधिकारी 'नेटिवाला' व्यवस्थापन येत नाही असे मानून चालले होते, त्या काळात एका भारतीय अभियंत्याने भारतीय गावांच्या रीतीशी जुळणारी पद्धत सरकारी कालव्यावर चालवून दाखवली. धरमपालांनी अठराव्या शतकातील भारतीय विज्ञान-तंत्रज्ञानावरील आपल्या १९७१ च्या ग्रंथात जी गोष्ट कागदपत्रांनिशी मांडली, तिचा हा जिवंत दाखला आहे. आमचा समाज आपली व्यवस्था आपण लावू शकत होता.

नळावर राग धरण्याचे कारण नाही

इतके वाचून एखाद्याची समजूत होईल की आम्ही नळाच्या विरोधात उभे आहोत. मुळीच नाही. परंपरेचा अभिमान म्हणजे परंपरेच्या मातीचा अभिमान नव्हे. दिल्ली-मुंबईच्या परिसंवादांतून एक नवा वर्ग वावरतो. त्याला 'पारंपरिक जलव्यवस्थापन' या शब्दांनी गहिवरून येते. खेड्याने चिरकाल मातीच्या चारीतच पाणी वाहावे, शेतकऱ्याने रात्री कंदील घेऊन बांध फोडत बसावे आणि आपण त्याचे छायाचित्र काढून प्रदर्शनात लावावे, एवढीच त्यांची ग्रामभक्ती. शेतकऱ्याला मात्र सर्पदंशाची भीती आहे, रात्रपाळीचे जागरण आहे, आणि शेपटाकडच्या शेताला पाणी न पोहोचल्याचे दुःख आहे.

वस्तुस्थिती अशी की उघड्या कालव्यांच्या प्रकल्पांत धरणातून सोडलेल्या पाण्यापैकी प्रत्यक्ष पिकाच्या मुळाशी साधारण ३५ ते ४० टक्केच पोहोचते, असे तज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. उरलेले पाणी उन्हात उडते, मातीत मुरते, फुटक्या चाऱ्यांतून वाहून जाते किंवा चोरीला जाते. पश्चिम महाराष्ट्रात कालव्याच्या भरावावरून नळी टाकून पाणी उपसण्याला 'डोंगळा' म्हणतात. डोंगळ्यांची ही रांग ज्याने पाहिली आहे, त्याला उघड्या पाटाचे काव्य सुचणार नाही. नीरा, प्रवरा आणि कृष्णाकाठी पाण्याच्या अतिरेकाने चोपण झालेल्या जमिनी हाही उघड्या कालव्यांचा आणि बेशिस्त उसाचा संयुक्त वारसा आहे. नळ जमिनीखालून जातो. त्याच्यावरून नांगर फिरतो, जमीन संपादित करावी लागत नाही, तण वाढत नाही आणि पुढे ठिबक जोडणे सोपे होते. दुष्काळी खानदेशाला पाण्याचा एकेक थेंब मोलाचा आहे. तेथे नळाला नाही म्हणणे हा करंटेपणा ठरेल.

१६ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी धुळ्यात निम्न पांझरा मध्यम प्रकल्पाचे, म्हणजे अक्कलपाडा धरणाचे लोकार्पण केले. १०९.३१ दशलक्ष घनमीटर साठा, २१ गावे, ७,५८५ हेक्टर क्षेत्र. त्याच दिवशी तापीचे पुराचे पाणी उचलून जामफळला नेणाऱ्या सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा योजनेची पायाभरणी झाली. तिचे लाभक्षेत्र सुमारे ३३ हजार हेक्टर. दशकानुदशके ज्या खानदेशाच्या वाट्याला आश्वासनांचा कोरडा पाऊस आला, त्या खानदेशासाठी ही मोठी गोष्ट आहे. हे पाणी वाया जाऊ नये म्हणून नळ हवाच.

मग तक्रार कशाबद्दल? तक्रार अशी की नळाबरोबर समाज घातला जात नाही.

नळातली चोरी ऐकूही येत नाही

उघड्या पाटाचा एक गुण असा की तो लपत नाही. वरच्याने बांध फोडला तर खालच्याला पाणी कमी झालेले दिसते. तो पाटाच्या काठाने चालत जातो आणि चोर सापडतो. भांडण होते, पंच बसतात, दंड होतो. पाटातील अन्याय दिसतो, म्हणून त्याचा निवाडाही होतो. नळाचे तसे नाही. जमिनीखाली तीन-चार फुटांवर काय चालले आहे ते कोणाला दिसणार? वरच्या चार शेतकऱ्यांनी पाळी नसताना झडपा उघड्या ठेवल्या की नळातील दाब पडतो आणि शेवटच्या शेतकऱ्याच्या तोटीतून फुर्रकन हवा बाहेर येते. दोष कोणाचा हे त्याला कळत नाही. तो शेजाऱ्याला विचारतो, शेजारी कंत्राटदाराकडे बोट दाखवतो, कंत्राटदार कार्यालयाकडे आणि कार्यालय धरणातील पाणीपातळीकडे. थोडक्यात, पाटातली चोरी डोळ्यांना दिसते. नळातली चोरी ऐकूही येत नाही.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. मातीची चारी फुटली तर फावडे, टिकाव आणि चार माणसे पुरतात. नळ फुटला तर सांधा हवा, रबरी कडे हवे, यंत्र हवे, जाणकार हवा. पुराच्या पाण्यातील गाळ नळात बसला तर तो धुऊन काढण्याची रीत ठाऊक असलेला माणूस हवा. हे सारे गावाच्या हाती नसेल, तर कंत्राटदाराचा हमीकाळ संपल्यावर तो नळ म्हणजे जमिनीत पुरलेले सरकारी भंगार ठरेल, आणि तोवर जुना पाट बुजवलेला असेल. मागे जाण्याचा रस्ताच उरणार नाही.

तिसरी गोष्ट विहिरींची. पाटातून मुरणाऱ्या पाण्याला आमचे अभियंते 'गळती' म्हणतात. पाटाखालच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तीच विहिरीची आई असते. सारे पाणी नळात कोंडले तर उन्हाळ्यात त्या विहिरी कोरड्या पडणार. ज्याची जमीन लाभक्षेत्रात नाही, पण ज्याची विहीर पाझरावर जगते, त्याचे नाव कोणत्याच अहवालात नसते. गाई-गुरांचे पाणी आणि पाटाकाठचे आंबे-चिंचा यांचीही गणती कोणी करीत नाही. ही हानी टाळता येते, पण त्यासाठी ती मुळात मान्य करावी लागते.

पाणी सरकारजमा कोणी केले?

या प्रश्नाचे मूळ इंग्रजी राजवटीत आहे. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने नद्या-नाल्यांच्या पाण्यावर सरकारचा अधिकार प्रस्थापित करण्याची चौकट घातली. जे पाणी गावाचे होते ते खात्याचे झाले. शेतकरी पाण्याचा धनी होता, तो अर्जदार झाला. गोरा साहेब गेला, परंतु त्याने घातलेली चौकट स्वातंत्र्यानंतर अधिकच घट्ट झाली. समाजवादी नियोजनाच्या धुंदीत राज्यकर्त्यांना वाटले की सरकारने धरण बांधावे, सरकारने कालवा खणावा, सरकारने पाणी सोडावे आणि शेतकऱ्याने सात नंबरचा अर्ज भरून उभे राहावे. पाटकरी हा शब्द राहिला, पण तो गावाचा सेवक न राहता खात्याच्या उतरंडीतील शेवटचा कर्मचारी झाला. त्याची निष्ठा गावाकडून कार्यालयाकडे वळली.

पांझरेकाठचे फड कोणा एका शत्रूने मारले नाहीत. वरच्या बाजूला धरणे झाली, नदीचा प्रवाह बदलला. विहिरी आणि मोटारी आल्या आणि प्रत्येकजण आपल्यापुरता पाण्याचा राजा झाला. वाटण्यांनी आणि खरेदी-विक्रीने जमिनींचे तुकडे पडले, आणि 'प्रत्येक फडात प्रत्येकाचा हिस्सा' हे तत्त्व मोडले. नगदी पिकांच्या हव्यासात पीकपाळी मोडली. जे उरले ते मोडकळीला आलेले काही बंधारे आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी.

त्या बदल्यात सरकारी व्यवस्थेने काय दिले? राज्याच्या २०१२ सालच्या आर्थिक पाहणीने एकूण पिकाखालील क्षेत्राशी सिंचित क्षेत्राचे प्रमाण २००१-०२ मधील १७.८ टक्क्यांवरून २००९-१० मध्ये अवघे १७.९ टक्क्यांवर गेल्याचे दाखवले, आणि साऱ्या महाराष्ट्राने कपाळावर हात मारला. दशकभरात सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च झाल्याचे बोलले जात होते. पुढे डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील पथकाने २०१४ साली अहवाल दिला. ते सर्व प्रकरण वाचकांच्या स्मरणात आहे. त्यातून एक धडा मात्र कोणत्याही पक्षाच्या सरकारने विसरू नये. ज्या योजनेत समाजाला स्थान नसते ती योजना ठेकेदाराची होते. सरकार बदलते, मंत्री बदलतात. निविदा लिहिणारी लेखणी बहुधा तीच राहते. आज आपल्या विचारांची माणसे सत्तेत आहेत म्हणून हा धडा सांगायचा नाही, असे होता कामा नये. उलट आपली माणसे आहेत, म्हणून तो अधिक स्पष्टपणे सांगितला पाहिजे.

आरसा स्वतःकडेही धरावा

फडाचा गौरव करताना एक सत्य झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. फडाचे पाणी जमिनीला बांधलेले होते. ज्याला जमीन नाही त्याला त्यात वाटा नव्हता. गावाची व्यवस्था न्यायी होती, परंतु तो न्याय पंगतीत बसलेल्यांपुरता होता. पंगतीबाहेर उभ्या असलेल्यांचे काय, हा प्रश्न तिने विचारला नाही. ज्या समाजात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या समाजाने आपल्या जलपरंपरेचा अभिमान सांगताना ही दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हेच बाबासाहेब १९४२ ते ४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात पाटबंधारे आणि वीज यांचा कारभार पाहत होते. आजच्या केंद्रीय जल आयोगाची पूर्वज संस्था १९४५ साली त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. पाण्याचा प्रश्न हा अभियांत्रिकीचा तसाच समतेचाही आहे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

या उणिवेवरचा उपायही महाराष्ट्रातच सापडला. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, माणसांवर. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतके पाणी. भूमिहीनालाही वाटा. उसाला बंदी. खर्चाचा काही भाग लाभधारकांनी स्वतः उचलायचा. हे पाणी उपसा योजनांनी, नळांतूनच शेतात पोहोचत होते. नळ होता आणि नियमही होते. म्हणूनच आमचे म्हणणे असे की नळ आणि समाज यांत विरोध नाही. विरोध आहे तो समाजाला वगळणाऱ्या वृत्तीशी.

नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पाचे उदाहरण तर याहून नजरेत भरणारे आहे. कालव्याच्या शेपटाकडे, ओझर परिसरात, पाणी पोहोचतच नव्हते. १९९१ च्या सुमारास बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने तेथे महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर या तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. या संस्थांनी पाणी मोजून घेतले, मोजून वाटले आणि कालव्याचे पाणी ओढ्या-नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरी भरल्या. म्हणजे जो पाझर उघड्या पाटातून अपघाताने होत होता, तो त्यांनी ठरवून केला. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. अशा कामाला कोणत्या विचारधारेचा शिक्का आहे हे पाहत बसण्याचे कारण नाही. समाज स्वतःच्या पायांवर उभा राहतो तेव्हा ते काम आपलेच असते.

पाण्याच्या भाषेत अंत्योदय

एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत दिलेल्या चार व्याख्यानांत पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एकात्म मानवदर्शन मांडले. समाज हा करार करून जमलेल्या व्यक्तींचा जमाव नाही, त्याला स्वतःचे अस्तित्व आणि स्वतःचे सामर्थ्य आहे, हा त्या विचाराचा गाभा. सिंचनाच्या क्षेत्रात त्याचा अर्थ फार सरळ आहे. नळाने पाणी घेणारा शेतकरी हा वीजमंडळाच्या ग्राहकासारखा एकाकी ग्राहक होता कामा नये. तो पाण्याच्या कुटुंबाचा सदस्य राहिला पाहिजे. आणि अंत्योदयाचा अर्थ? कालव्याच्या शेपटाकडच्या, शेवटच्या तोटीवरच्या शेतकऱ्याला आधी पाणी. शेजपाळीच्या कागदोपत्री नियमांतही शेपटाकडून मुखाकडे येण्याचे तत्त्व आहे. पाळले जात नाही इतकेच.

यासाठी नवा कायदा हवा असेही नाही. 'महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम' २००५ पासून अस्तित्वात आहे. पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून, पाणी वापर संस्थेला द्यावे. वाटप संस्थेने करावे. संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि शेपूट या तिन्ही भागांचे प्रतिनिधी असावेत आणि महिलांनाही स्थान असावे, अशी त्याची रचना आहे. केंद्राच्या २०२५ च्या योजनेतही पाणी वापर संस्थांकडे व्यवस्थापन सोपवण्याची आणि पाच वर्षे त्यांना शेतकरी उत्पादक संस्था किंवा प्राथमिक कृषी पतसंस्था यांच्याशी जोडून आधार देण्याची तरतूद आहे. कागदावर सारे आहे. कमतरता आहे ती कागदात प्राण फुंकणाऱ्या माणसांची.

म्हणून शासनाकडे आमच्या मागण्या थोड्या पण ठाम आहेत. ज्या लाभक्षेत्रात पाणी वापर संस्था प्रत्यक्ष काम करू लागलेली नाही, तेथे नळाची निविदा काढू नये. नळाचा आराखडा अंतिम होण्यापूर्वी तो संस्थेच्या सर्वसाधारण सभेत मराठीत, नकाशासह, वाचून दाखवावा. कोणत्या शेताला कितव्या दिवशी किती पाणी येणार हे शेतकऱ्याला कळले पाहिजे. झडपेची किल्ली संस्थेने नेमलेल्या आणि संस्थेने वेतन दिलेल्या पाटकऱ्याकडे असावी, आणि शेताच्या मालकाने झडपेला हात लावू नये, हा फडाचा जुना नियम पुन्हा लागू व्हावा. मुरणाऱ्या पाण्याचा हिशेब करून प्रत्येक गावाच्या नाल्या-बंधाऱ्यांसाठी आणि गुरांसाठी पाण्याचा ठरावीक वाटा नळातूनच राखून ठेवावा. भूमिहीनांचा वाटा कसा देता येईल याचा निर्णय नायगावचा अनुभव पुढे ठेवून करावा. आणि नळ दोन पूर्ण हंगाम निर्वेध चालल्याशिवाय जुना पाट बुजवू नये.

यावर खात्यातील कोणी म्हणतील की संस्था उभ्या करण्यात वेळ जातो, निधी परत जाईल, उद्दिष्ट पूर्ण होणार नाही. उद्दिष्ट नळाच्या लांबीचे असेल तर त्यांचे म्हणणे बरोबर आहे. उद्दिष्ट शेवटच्या शेतातील पिकाचे असेल, तर वाघाडला संस्था आधी उभ्या राहिल्या आणि पाणी नंतर शेपटापर्यंत पोहोचले, हा क्रम त्यांनी लक्षात घ्यावा.

आपण काय करणार?

शासनाला सुनावणे सोपे आहे. शेवटचा प्रश्न मात्र वाचकांना आणि कार्यकर्त्यांना विचारायचा आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आपण रात्रंदिवस राबतो. पतसंस्था आणि साखर कारखाना यांच्या निवडणुकांचे गणित आपल्याला तोंडपाठ असते. आपल्या तालुक्यात किती पाणी वापर संस्था आहेत, त्यांपैकी किती केवळ नोंदवहीत आहेत, त्यांची सभा शेवटची कधी झाली, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? वारसा म्हणून व्याख्यानात फडाचे नाव घ्यायचे आणि पाणी वापर संस्थेच्या सभेला गणपूर्ती होत नाही म्हणून घरी बसायचे, हे आपल्या संस्कारांत बसत नाही.

पुणे, ठाणे, नाशिक येथे स्थिरावलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांनाही यातून सुटका नाही. आपल्यापैकी कित्येकांची नावे अजून गावाकडच्या सातबाऱ्यावर आहेत. लाभक्षेत्रातील जमीनधारक या नात्याने आपण त्या गावच्या पाण्याच्या कारभाराचे भागीदार आहोत. जमीन वाट्याने दिली म्हणून जबाबदारी वाट्याने देता येत नाही. वर्षातून एकदा गणपतीला किंवा जत्रेला गावी जाता, तसे एकदा पाण्याच्या सभेलाही जा. हिशेब मागा. शेपटाकडचा शेतकरी सभेत बोलत नसेल, तर त्याच्या वतीने बोला.

दातर्तीला नळ घालणाऱ्या तरुण अभियंत्याला पलीकडच्या तीरावर पाण्याची वाट पाहणारा आणि ते वाटून घेण्याची रीत जाणणारा समाज लाभला होता. आज त्याच पांझरेच्या खोऱ्यात आणि तशाच कितीतरी खोऱ्यांत नळ येऊ घातला आहे. तो येऊ द्या. मातीचा पाट खुशाल बुजवा. पण त्या मातीबरोबर पंच, पाळी आणि पाटकरी गाडले जाणार नाहीत याची काळजी सरकार घेणार नसेल, तर ती आपल्याला घ्यावी लागेल. त्यासाठी पुढच्या हंगामाची वाट पाहण्याची गरज नाही. आपल्या गावच्या पाणी वापर संस्थेची पुढची सभा कधी आहे, एवढे या आठवड्यात विचारून घ्या.